ब्रॉडबँड ‘पोचलं’ असं नेमकं कधी म्हणायचं?

आडवाटे

जोडणीचे नकाशे मला नेहमी थोडे लबाड वाटतात. एखादा पट्टा हिरवा रंगवला की तिथे ब्रॉडबँड ‘पोचलं’. तिथल्या किती घरांत ते खरंच चालू आहे, किती जणांनी परवडेना म्हणून बंद केलं, संध्याकाळी सगळे एकदम बसले की काय होतं, यातलं काहीही त्या हिरव्या रंगात दिसत नाही.

आयटीयूच्या (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संघटना) २०२४ च्या अंदाजानुसार जगात २.६ अब्ज माणसं इंटरनेटबाहेर होती. आपल्याला चटकन वाटतं, यांच्यापर्यंत तार किंवा टॉवर गेलेलाच नसणार. तसं नाही. सिग्नल अजिबात नाही अशा ठिकाणी राहणारे त्यातले थोडे. बहुतेकांच्या डोक्यावर मोबाइल ब्रॉडबँडचा सिग्नल आहे, तरी ते वापरत नाहीत. फोन महाग, डेटा महाग, वाचता येत नाही, आपल्या भाषेत कामाचं काही सापडत नाही, नाहीतर सरळ भीती वाटते.

बरं, ‘ब्रॉडबँड’ची व्याख्याही सरकती. अमेरिकेची दूरसंचार नियामक एफसीसी हिने २०१५ मध्ये डाउनलोड २५ आणि अपलोड ३ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) अशी रेघ ओढली होती, २०२४ मध्ये ती १०० आणि २० वर नेली. फिनलंडने २०१० मध्ये ब्रॉडबँड हा कायदेशीर हक्क केला, तेव्हा तो हक्क १ एमबीपीएसचा होता! आकडे वाढणारच, त्याला हरकत नाही. पण एकटा डाउनलोडचा आकडा पाहून जोडणी चांगली म्हणणं मला पटत नाही. अपलोड किती, उशीर किती (म्हणजे लेटन्सी), महिन्यातून कितीदा बंद पडतं, आणि घरातल्या सगळ्यात कमी सरावलेल्या माणसाला स्वतःचं काम त्यावर स्वतः करता येतं का? हा शेवटचा प्रश्न कुठल्याच निविदेत नसतो.

परवडण्याबद्दल एक मापदंड आहे. आयटीयू आणि युनेस्कोने २०१० मध्ये नेमलेल्या ब्रॉडबँड आयोगाचं उद्दिष्ट असं, की प्राथमिक ब्रॉडबँडचा खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत असावा. ऐकायला छान. पण दरडोई म्हटलं की सरासरी आली, आणि सरासरीच्या खूप खाली जगणाऱ्याला तेच पैसे २ टक्के नाही, बरेच जास्त पडतात.

तुमचं काय मत?

टिटवी

मला एक कळत नाही, मोबाइल असताना घरोघरी तार ओढायचा अट्टहास कशासाठी? मी सगळं फोनवरच करते. बँक, बातम्या, व्हिडिओ कॉल. काही अडत नाही.

आडवाटे

टिटवी, एका माणसाचं नाही अडत. घरात एकजण ऑनलाइन वर्गात, एकजण कामाच्या कॉलवर आणि तिसरा मोठी फाइल पाठवतोय असं झालं की अडतं. शिवाय फोनच्या पडद्यावर अर्ज भरणं आणि फोनवर प्रबंध लिहिणं यात फरक आहे. मोबाइलने माणूस इंटरनेटवर येतो हे खरं, पण आला की बहुतेकदा बघणाराच राहतो. काही तयार करायचं तर मोठा पडदा, कीबोर्ड आणि डेटा संपेल ही धास्ती नसलेली जोडणी लागते.

काचेचीतार

मी फायबर जोडायचंच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

टिटवीताई, तुमच्या मोबाइलचा टॉवरसुद्धा मागून थेट, नाहीतर काही बिनतारी टप्प्यांनी, फायबरलाच जोडलेला असतो. बिनतारी असतात ते फक्त शेवटचे तुकडे. त्यामुळे तार की बिनतारी हा वाद तसा नाहीच. तार कुठपर्यंत आणायची आणि तिथून पुढे हवेतून किती जायचं, एवढंच ठरवायचं असतं.

फायबर म्हणजे काचेचा बारीक तंतू. लोकांना वाटतं काच महाग असेल. काच स्वस्त आहे हो. पैसा जातो खणण्यात, परवानग्यांत आणि रस्ता पुन्हा पहिल्यासारखा करण्यात. म्हणून रस्ता कुठल्याही कारणाने उघडला की त्यात रिकामा डक्ट (केबलसाठीचा पाइप) टाकून ठेवा, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य. ते सगळ्यात कमी पाळलंही जातं. आज पाण्यासाठी खणतात, पुढे विजेसाठी, मग आमच्यासाठी. तीनदा तोच खड्डा.

एकदा गेलेली काच मात्र अनेक दशकं टिकते. तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजपासून जितकं लांब जाल तितका वेग ढासळतो. तांब्यावरचं वेगवान तंत्र, व्हीडीएसएल, किलोमीटरभरातच दमतं. घरांसाठीच्या जीपीओएन फायबरवर (एक काच अनेक घरांत वाटायची पद्धत) २० किमीपर्यंत आरामात जाता येतं. पुढे वेग वाढवायचा तर जमिनीतली काच तशीच ठेवून दोन टोकांची यंत्रं बदलायची.

आता न सांगितली जाणारी गोष्ट. जीपीओएनवर एका काचेतून साधारण २.५ जीबीपीएस खाली येतं आणि १.२५ वर जातं. ती काच स्प्लिटरने बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. एका लाइनीवर बत्तीस नळ असावेत तसं. सगळ्यांनी एकदम पूर्ण सोडले तर प्रत्येकाच्या वाट्याला ७८ एमबीपीएसच्या आसपास. पण सगळे एकदम सोडत नाहीत, म्हणून ३०० किंवा ५०० चे प्लॅन विकता येतात, आणि त्यात फसवणूकही नाही. फसवणूक तेव्हा, जेव्हा पुढची, म्हणजे एक्स्चेंजकडून बाहेर जाणारी लाइन वाढवतच नाहीत आणि ग्राहक मात्र जोडत राहतात. संध्याकाळीच रडणारं नेट नव्वद टक्के वेळा तिथलं असतं. (हा माझा अंदाज. सर्वेक्षण वगैरे नाही.)

आणि एक विनंती. भिंतीवरच्या डब्यावर, ओएनटीवर, ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल तर राउटर दहादा बंद-चालू करू नका. तो दिवा म्हणजे काचेतून प्रकाशच येत नाहीये. केबल कुठे दाबली, कपाटामागे फार वळली किंवा कोणी ओढली आहे का ते बघा आणि फोन करा.

कळलाव्या

फायबरभक्तांनी डोंगरात राहून बघावं. दोन घरांसाठी दहा किलोमीटर कोण खणणार? उपग्रह आलेत आता, प्रश्न मिटला. छपरावर तबकडी लावली की झालं.

आडवाटे

मिटला नाही, पण सोपा झाला हे मान्य. जुन्या उपग्रही इंटरनेटचं दुखणं अंतराचं होतं. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किमीवर. विनंती वर जाऊन खाली यायची आणि उत्तरही तसंच, म्हणजे हे अंतर चारदा. १ लाख ४३ हजार किमी. प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, आणि तो कुठल्याही हुशारीने कमी होत नाही. त्यावर कॉल केला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत राहतात. स्टारलिंकने २०१९ मध्ये पहिले ६० उपग्रह सोडले ते साधारण ५५० किमीच्या कक्षेसाठी. तिथे हेच गणित सात-आठ मिलिसेकंदांवर येतं. जमिनीवरचा प्रवास आणि बाकीचं धरून प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात, पण कॉल नीट होतो.

काचेचीतार

कळलाव्या, डोंगरातल्या दोन घरांना उपग्रहच द्यावा, माझं काही म्हणणं नाही. पण एका उपग्रहाची क्षमता खालच्या मोठ्या भागात वाटली जाते. दाट वस्तीत सगळ्यांनी तबकड्या लावल्या तर काय होईल ते वरच्या बत्तीस नळांवरून ओळखा. आणि खालच्या कक्षेतले उपग्रह साधारण पाचेक वर्षांनी बदलावे लागतात. मी जमिनीत टाकलेली काच माझ्यानंतरही तिथेच असेल.

दोन्ही असावेत हे मात्र खरं. टोंगाचं उदाहरण घ्या. १५ जानेवारी २०२२ ला समुद्राखालच्या ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि देशाला जगाशी जोडणारी समुद्री केबल तुटली. दुरुस्तीला पाच आठवडे गेले, तोवर जो काही संपर्क होता तो उपग्रहांवर. बाहेरच्या बेटांकडे जाणारी देशांतर्गत केबल तर २०२३ च्या मध्यापर्यंत बंद होती. एकच वाट असली की असं होतं. गावाला एकच फायबर येत असेल तर एक जेसीबी पुरतो.

अवांतर: १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकम या संशोधकांनी गणित मांडलं, की काचेतली प्रकाशाची गळती किलोमीटरला २० डेसिबलच्या खाली आणता आली तर काचेतून दूरसंचार जमेल. १९७० मध्ये कॉर्निंगने १७ वर आणून दाखवली. आज आम्ही ०.२ च्या आसपासची काच हाताळतो. काव यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं.

गाठोडं

तारा, उपग्रह वाचून झालं, आता जरा माणसांकडे येऊ या का?

मी सार्वजनिक वाचनालयात काम करते. पुस्तकांइतकाच वेळ हल्ली ‘एवढा अर्ज भरून द्या हो’ यात जातो. येणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे फोन आहे, डेटा आहे. नकाशावर ते हिरव्या पट्ट्यातलेच. अडतं कुठे ते सांगते. साइट वीस मिनिटांनी आपोआप बाहेर काढते, आणि सवय नसलेल्या माणसाचा अर्ज वीस मिनिटांत होत नाही. कागदपत्र ठरावीक केबीच्या आतच हवं, पण फाइल लहान करायची कशी ते कुठेच लिहिलेलं नसतं. संपूर्ण कुटुंबाला एकच मोबाइल नंबर, तो मुलाच्या नावावर, आणि मुलगा परगावी कामाला. मग ओटीपी येणार तिकडे, आणि आई माझ्यासमोर उभी. आई त्याला फोन लावते, तो आकडे सांगतो, आई ते सगळ्या खोलीला ऐकू जाईल असे मोठ्याने म्हणते. ओटीपी कुणाला सांगू नका हे तिला मी कोणत्या तोंडाने शिकवू? व्यवस्थेनेच तिला रोज सांगायला भाग पाडलंय.

वर्ग घेऊन हे सुटत नाही. ‘संगणक साक्षरता’ म्हणून माऊस धरायला शिकवतात आणि प्रमाणपत्र देतात. लोकांना त्यांचं आजचं काम पुढ्यात असताना शेजारी बसलेलं माणूस हवं असतं. मी कळा दाबत नाही, त्यांनाच दाबायला लावते. वेळ तिप्पट लागतो. पण तीच बाई पुढच्या वेळी दुसऱ्या बाईला घेऊन येते आणि स्वतःच दाखवते.

पासवर्डचंही तसंच. वहीत लिहून ठेवतात म्हणून हसतात लोक. मी म्हणते, खुशाल लिहा. वही घरात कुलपात ठेवा, फोनच्या कव्हरमध्ये नको. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वही शंभरपट बरी, कारण जगाच्या दुसऱ्या टोकाचा चोर तुमचं कपाट उघडू शकत नाही. आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती तर बंदच करावी. माणसं शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. अमेरिकेची मानकं ठरवणारी सरकारी संस्था एनआयएसटी हिने २०१७ मध्येच अशी सक्ती करू नका असं म्हटलंय. कार्यालयं अजून ऐकत नाहीत.

आणखी एक. सगळं ऑनलाइन केलं म्हणून खिडकी बंद करू नये. ज्याला जमतं तो ऑनलाइन गेला की खिडकीवरची रांग आपोआप कमी होते. बंद केली की न जमणारा माणूस एजंटाकडे जातो आणि त्याच्या हातात ओटीपीसकट सगळं देतो.

टिटवी

गाठोडं, प्रतिसाद फार आवडला. माझ्या सासूबाईंचं अगदी असंच होतं. फोन आहे, पण प्रत्येक बटण दाबताना ‘काही बिघडणार नाही ना?’ विचारतात.

शून्यमनस्क

जरा मदत हवी होती. २०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, स्पीड टेस्ट बरोबर २०० दाखवते. तरी संध्याकाळी आतल्या खोलीत कॉलवर आवाज तुटतो. कंपनीवाले ५०० चा प्लॅन घ्या म्हणतात. घेऊ का?

काचेचीतार

घाई करू नका. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. २०० मध्ये तुटतो तो ५०० मध्येही तुटेल.

आधी लॅपटॉपला राउटरमधून थेट वायर लावून कॉल करा. वायरवर नीट चालला तर दोष वायफायचा. आतल्या खोलीत फोन २.४ गिगाहर्ट्झवर पडत असेल. तो पट्टा भिंतीतून जास्त आत येतो, पण त्यात शेजारपाजारची सगळी राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह अशी गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ मोकळा, पण भिंतीला लवकर हार मानतो. राउटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटाजवळ असेल तर बाहेर काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. हे फुकटात होतं.

वायरवरही तुटला तर दुसरी गोष्ट. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर (कमांड प्रॉम्प्ट) पिंग, म्हणजे संदेश जाऊन यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा, चालू ठेवा आणि त्याच वेळी एखादी मोठी फाइल अपलोड करा. पिंग १५ वरून ३००-४०० मिलिसेकंदांवर गेला तर तो बफरब्लोट. राउटर किंवा मोडेम जास्तीची पॅकेटं (माहितीचे तुकडे) टाकून देण्याऐवजी मोठी रांग लावत बसतो, आणि तुमच्या आवाजाची इवलीशी पॅकेटं त्या रांगेत शेवटी उभी राहतात. साधी स्पीड टेस्ट हे दाखवत नाही, कारण ती किती माल गेला ते मोजते, थांबावं किती लागलं ते नाही. यावर चांगला उपाय आहे, एफक्यू-कोडेल नावाचा, २०१८ पासून इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत आरएफसी ८२९० म्हणून नोंदलेला. राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ अशा नावाची सोय असेल तर चालू करा आणि मर्यादा खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवा. थोडा वेग जाईल, कॉल सुधारेल.

संध्याकाळी घरात काय अपलोड होतं तेही बघा.

शून्यमनस्क

धन्यवाद! वायरवरही तुटत होता, पिंगही चढत होता. घरातले सगळे बाहेरून आले की फोन वायफायला लागतात आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला सुरुवात करतात. माझा प्लॅन २०० खाली असला तरी वर फक्त २० आहे, हे पहिल्यांदाच लक्षात आलं. एसक्यूएमची सोय राउटरमध्ये नाही, म्हणून बॅकअप रात्री चार्जिंगला लावल्यावरच होईल असं केलं. काल कॉल व्यवस्थित झाला. ५०० चा प्लॅन घेतला नाही.

कळलाव्या

हे बरं झालं. आता मला सांगा, तुम्ही सगळे एवढे सावध, मग जोडलेली उपकरणं वापरता का? माझ्याकडे दिवे, कुलूप, कॅमेरे सगळं फोनवर चालतं. बाहेरून घरातला दिवा लावता येतो.

आडवाटे

माझी विकत घेण्याआधीची कसोटी एकच: नेट गेलं तर हे चालेल का? दिवा भिंतीवरच्या बटणाने लागला पाहिजे, कुलूप किल्लीने उघडलं पाहिजे. नाहीतर आपण वस्तू घेतली नाही, कुणाच्या तरी सर्व्हरवरची परवानगी घेतली.

यात कल्पनेचा भाग नाही. रिव्हॉल्व्ह नावाचं घरातली उपकरणं चालवणारं एक हब होतं. गूगलच्या नेस्टने ती कंपनी २०१४ मध्ये घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केले. लोकांच्या घरातली चालू यंत्रं एका दिवसात निकामी. बिघडली नव्हती, बरं का.

दुसरी बाजू सुरक्षेची. २०१६ मधलं मिराय नावाचं घातक सॉफ्टवेअर आठवा. कॅमेरे, डीव्हीआर, राउटर अशा यंत्रांत कारखान्यातून आलेला युजरनेम-पासवर्ड कुणी बदलत नाही, हे त्याला माहीत होतं. साठेक जोड्यांची यादी घेऊन ते दारोदार फिरलं आणि लाखो यंत्रं ताब्यात घेतली. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जोरावर डाइन या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या) कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अडखळल्या. ज्यांचे कॅमेरे वापरले त्यांना पत्ताही नव्हता, कारण कॅमेरा चालूच होता. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून असे सहज ओळखता येणारे ठरीव पासवर्ड कायद्यानेच बंद केलेत, आणि सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत देणार तेही विक्रेत्याला सांगावं लागतं. डब्यावर वेगाच्या बढाया मारण्यापेक्षा ही तारीख मोठ्या अक्षरात छापायला हवी.

म्हणून कळलाव्या, कॅमेरे, दिवे राउटरच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर वेगळे ठेवा, बँकेचं काम करता त्या लॅपटॉपच्या शेजारी नकोत. आणि कॅमेरा झोपायच्या खोलीत का हवा, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

कळलाव्या

माझ्या कुलपाला किल्ली आहे, तेव्हा पास झालो. पासवर्ड बघतो.

टिटवी

मुलांच्या स्क्रीनबद्दल कोणी बोललंच नाही!

गाठोडं

त्यावर वेगळा धागा काढा, दोनशे प्रतिसाद येतील. एवढंच म्हणते, की घरातल्या मोठ्यांचे फोन जेवताना दुसऱ्या खोलीत राहिले तर निम्मं भांडण आपोआप मिटतं. राउटरवर वेळेचं कुलूप लावणाऱ्यांची मुलं ते उघडायला माझ्या वाचनालयात शिकतात.

आडवाटे

शेवटी पुन्हा विस्ताराकडे. कंपन्यांना जिथे परवडत नाही तिथे लोकांनीच जाळं उभारल्याची उदाहरणं आहेत. स्पेनमध्ये कातालोनियात २००४ पासून गुइफी.नेट आहे, आज ३० हजारांहून जास्त नोड (जोडणीचे बिंदू). इंग्लंडच्या उत्तरेत २०११ पासून बी-फोर-आर-एन; शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतातून फुकट वाट दिली, चर स्वतः खणले आणि घरोघरी १ जीबीपीएस नेलं, अपलोडसुद्धा तेवढंच. नेपाळमध्ये महाबीर पुन यांनी डोंगरातली गावं वायफायने जोडली, त्यांना २००७ मध्ये मॅगसेसे मिळालं. काचेचीतार, तुमच्या मते हे टिकतं का?

काचेचीतार

उभं करणं सोपं. खणायला सगळे येतात, जोश असतो. दोन वर्षांनी पावसात केबल तुटते तेव्हा कोण येतं, यावर टिकणं ठरतं. जिथे एक-दोन माणसांना पगार देऊन दुरुस्तीला ठेवलं, स्प्लायसिंग मशीन (तुटलेली काच जोडणारं) आणि ओटीडीआर (काच कुठे तुटली ते सांगणारं यंत्र) गावातच ठेवला आणि कुठली काच कुठून गेली याची नोंद कागदावर ठेवली, तिथे टिकतं. ‘सगळं अमक्याला माहीत आहे’ असं जिथे असतं, तिथे तो अमका गाव सोडून गेला की संपलं.

आणि वीज. जीपीओएनमध्ये मधल्या वाटेवर, स्प्लिटरला, वीज लागतच नाही. एक्स्चेंजच्या बॅटऱ्या चालू असतील तर गावभर अंधार असतानाही काचेतून प्रकाश घरापर्यंत येत असतो. घरातला ओएनटी आणि राउटर तेवढे बंद पडलेले असतात. दोन्ही मिळून वीसेक वॉटच्या आतले. त्यांच्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, काही तास सहज चालतो. घेण्याआधी दोन्ही ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बऱ्याच ठिकाणी १२ व्होल्ट असतात, पण काही राउटर ९ चे निघतात आणि चुकीच्या पिनेवर जळतात.

शून्यमनस्क

माझ्या ओएनटीवर १२ व्होल्ट ०.५ अँपिअर, राउटरवर १२ व्होल्ट १.५ अँपिअर. एकाच यूपीएसवर दोन्ही चालतील?

काचेचीतार

चालतील. मिळून २ अँपिअर होतात, तर ३ अँपिअरचा घ्या. दोन पिना वेगवेगळ्या जाडीच्या असतात, मापून घ्या.